‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’: मेलच्या शेवटच्या ओळीतल्या या चुका टाळा

माझ्या चुलत बहिणीने परवा नोकरीच्या अर्जाचा मेल पाठवला, दादा एकदा नजर टाक ना म्हणून. मेल खरंच छान लिहिला होता, मुद्देसूद, कुठे फापटपसारा नाही, आणि शेवटची ओळ होती ‘आय एम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’. तिथे हिअर नाही, हिअरिंग पाहिजे. स्पेलचेकला ती चूक दिसली नाही कारण स्पेलिंग सगळी बरोबरच आहेत, आणि समोरचा माणूस शेवटी वाचतो ती नेमकी हीच ओळ.

ही चूक होते का ते आधी समजून घ्या, मग पाठ करायची गरजच पडत नाही. आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की ‘टू’ आला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप, टू गो, टू ईट, टू मीट, म्हणजे जायला, खायला, भेटायला. ते बरोबरच आहे. आय वॉन्ट टू मीट यू, होप टू हिअर फ्रॉम यू सून, ही वाक्यं शंभर टक्के बरोबर. पण लुकिंग फॉरवर्ड मधला ‘टू’ तो नाहीच, हा ‘टू’ म्हणजे आपला ‘कडे’. आणि गंमत बघा, मराठीत हाच वाक्प्रचार आपल्याकडे आहे, डोळे लावून बसणे! आपण म्हणतो ‘तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलोय’, ‘सुट्टीकडे डोळे लागलेत’. आता ‘कडे’ च्या आधी काय येतं? नाम येतं, उत्तर, सुट्टी, नाहीतर क्रियापदाचं नाम करून येतं, ‘भेटण्याकडे’. ‘भेटायलाकडे’ असं कोणी बोलतं का? नाही ना, मग ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ म्हणजे इंग्रजीतलं ‘भेटायलाकडे’ आहे. भेटण्याकडे म्हणजे टू मीटिंग, ऐकण्याकडे म्हणजे टू हिअरिंग, एवढंच.

तरी शंका आली तर क्रियापद काढून तिथे साधं नाम टाकून बघायचं. लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप, टू युवर रिप्लाय, वाक्य नीट बसलं ना? मग तिथे क्रियापद टाकायचं तर आयएनजी लावूनच. ‘वॉन्ट टू द ट्रिप’ बसत नाही म्हणून तिथे मूळ रूप. हीच युक्ती ‘युज्ड टू’ ला पण चालते आणि तिथे तर अर्थच बदलतो, ‘आय युज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी लवकर उठायचो, आता नाही, आणि ‘आय एम युज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठायची सवय आहे.

दुसरी चूक म्हणजे ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय’. हा ‘फॉर’ येतो ‘वेटिंग फॉर’ वरून. वेटिंग फॉर बरोबर, लुकिंग फॉरवर्ड फॉर चूक. आणि ‘अवेटिंग फॉर’ पण चूक, अवेट मध्ये ‘ची वाट बघणे’ सगळं आलंच, नुसतं ‘अवेटिंग युवर रिप्लाय’ लिहा.

‘फ्रॉम’ गाळू नका. ‘हिअरिंग यू’ म्हणजे तुमचा आवाज ऐकणे, एखाद्या गायकाला लिहीत असाल तर ठीक. ‘फ्रॉम युवर साइड’ ची पण गरज नाही, ‘फ्रॉम यू’ पुरतं.

‘आय लुक फॉरवर्ड’ का ‘आय एम लुकिंग फॉरवर्ड’? दोन्ही बरोबर. पहिलं जरा औपचारिक, बँकेला, कॉलेजला, सरकारी ऑफिसला लिहिताना शोभतं, दुसरं ओळखीच्या माणसाला. फक्त ‘आय लुकिंग फॉरवर्ड’ नको, एकतर ‘आय एम’ पूर्ण लिहा नाहीतर दोन्ही काढून ‘लुकिंग’ पासून सुरू करा.

अजून एक, आणि हे मला व्याकरणापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ‘वाट बघतोय’ आणि ‘लुकिंग फॉरवर्ड’ एक नाही. वाट आपण बसची पण बघतो आणि रिपोर्टची पण, पोटात गोळा आलेला असताना. लुकिंग फॉरवर्ड मध्ये आनंद आहे, हवंहवंसं वाटणं आहे. त्यामुळे पैसे अडकलेत, तीनदा तक्रार करून झालीये अशा मेलच्या शेवटी ते घालू नका, तिथे ‘प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे’ असं सरळ लिहा, काम होण्याची शक्यता पण वाढते. कोणाच्या घरी दुःखाची गोष्ट घडली असेल तर त्या मेलमध्ये तर अजिबातच नको. आणि अर्जात ‘युवर पॉझिटिव्ह रिप्लाय’ लिहायची सवय सोडा, होकारच द्या असं आधीच सांगितल्यासारखं होतं, नुसतं ‘युवर रिप्लाय’ जास्त सभ्य वाटतं.

बहिणीच्या मेलमध्ये ‘पॉझिटिव्ह’ नव्हतं, फक्त हिअर चं हिअरिंग केलं आणि तिने तो त्याच दुपारी पाठवला.