डॉसवाल्या जुन्या लॅपटॉपला नेटवर्क कार्ड जोडताना

कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत सरकवायचं पातळ पीसीएमसीआयए कार्ड. ते १६-बिटचंच घ्या. पिनांकडच्या टोकाला वरून फुगीर ठिपक्यांची सोनेरी पट्टी दिसली की ते कार्डबस, म्हणजे ३२-बिटचं. ते ४८६ (नव्वदीच्या सुरुवातीचा प्रोसेसर) लॅपटॉपच्या खाचेत पूर्ण शिरत नाही आणि शिरू नये हाच हेतू असतो, कारण ते ३.३ व्होल्टवर चालतं. कानस घेऊन कडा घासायचा सल्ला देणारे भेटतात. त्यांना कार्ड दाखवूसुद्धा नका.

सोबतची वायर तपासून घ्या. ५ मिलिमीटर जाडीच्या कार्डात नेटवर्क केबलचं सॉकेट मावत नाही, म्हणून ही शेपटी. एका कंपनीची दुसरीला चालेलच असं नाही. कुर्टीच्या एका भंगारअड्ड्यावर मला चार कार्डं मिळाली, शेपटी एकालाच होती. उरलेली तीन आजही खणात पडून आहेत.

वायफाय कार्डाच्या नादी लागू नका. त्या काळची कार्डं फार तर डब्ल्यूईपी ही जुनी, कच्ची वायफाय सुरक्षा जाणतात आणि त्यांच्यासाठी घरच्या राउटरची सुरक्षा उतरवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आता खरी डोकेदुखी. डॉसमध्ये (विंडोजआधीच्या, हुकूम टाइप करून चालणाऱ्या प्रणालीत) कार्ड जागं करायचे दोन मार्ग: कार्ड सर्व्हिसेस (मेमरीत ठाण मांडणारे ड्रायव्हर) नाहीतर एनेबलर. पहिला विसरा, तो डॉसच्या प्रोग्रामांना मिळणाऱ्या ६४० केबी मेमरीतला मोठा घास खातो. एनेबलर ही छोटी फाइल असते. ती कार्डाला वीज आणि पत्ता देते नि बाजूला होते. कार्ड मात्र आधीच खाचेत हवं. मध्येच उपसलंत तर एनेबलर पुन्हा चालवावा लागतो.

माझा एनेबलर म्हणायचा, कार्ड सापडत नाही. जुलै महिना, फोंड्याचा पाऊस, कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी. मी ठरवूनच टाकलं, दमटपणाने पिना गेल्या. तीनदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, कार्ड दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं. (त्या तांदळाचं पुढे काय झालं ते घरात विचारू नका.) पिना ठणठणीत होत्या. दोष ईएमएम३८६ चा, म्हणजे डॉसची वरची मेमरी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचा होता.

एनेबलर कार्डाशी बोलतो तो ६४० केबीच्या वरच्या मेमरीतल्या एका छोट्या खिडकीतून. ही खिडकी बहुधा डी००० या मेमरी-पत्त्याला असते. ईएमएम३८६ ला ती जागा रिकामी दिसते आणि तो तिथे आपलं बस्तान मांडतो. मग एनेबलरला समोर कार्डाऐवजी साधी मेमरी दिसते.

म्हणून पिना पुसण्याआधी हे करा: एमएस-डॉस ६ सुरू होत असल्याची ओळ दिसताच एफ५ दाबा. कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या मशीन सुरू होताना चालणाऱ्या दोन्ही फाइली वगळल्या जातात. एनेबलर हाताने चालवा. कार्ड सापडलं तर ते निर्दोष आहे. मग कॉन्फिग फाइलमध्ये ईएमएम३८६ च्या ओळीला एक्स=डी०००-डीएफएफएफ जोडा (रोमन अक्षरांत, अर्थात) आणि मशीन पुन्हा चालू करा. यात ६४ केबी जातात. सगळं सुरळीत झालं की डी०००-डी०एफएफ करून बघा. खिडकी ४ केबीची असेल तर तेवढं पुरतं आणि बाकीची जागा परत मिळते.

एनेबलरला आयआरक्यू (कार्ड ज्यावरून प्रोसेसरला हाक मारतं तो क्रमांक) १० द्या. ३ वर दुसरा सिरियल पोर्ट असतो, ५ वर बऱ्याचदा साउंड. कार्डाचा पत्ता ३०० हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा). हेच दोन आकडे पॅकेट ड्रायव्हरलाही (डॉसचे नेटवर्क प्रोग्राम ज्याच्यामार्फत कार्डाशी बोलतात तो) सांगायचे. एनेबलरला १० आणि ड्रायव्हरला ५ सांगून मी एक अख्खा रविवार घालवलाय. ड्रायव्हर मुकाट लोड होतो, पण एक पॅकेट येत नाही.

पुढे एमटीसीपी हा डॉससाठीचा नेटवर्क प्रोग्रामांचा संच टाका, त्यातला डीएचसीपी चालवून राउटरकडून नेटवर्क-पत्ता घ्या, राउटरला पिंग करा (हाक मारून उत्तर येतं का बघा). उत्तर आलं नाही आणि केबल २.५ गिगाबिटच्या पोर्टात असेल तर मध्ये साधा १०० एमबीपीएसचा स्विच लावा. त्या वेगवान पोर्टांपैकी काहींना १० एमबीपीएस येतच नाही.