अ‍ॅन आर्बरला नवीन येताय? घर बघायच्या आधी शेजारचा प्लॉट बघा

ॲडमिशनची पत्रं आली की अमेरिकेतल्या या युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या गावात येणाऱ्यांचे मला मेसेज सुरू होतात, कुणी मास्टर्सला येतंय, कुणी पोस्टडॉकला, कुणाच्या नवऱ्याला नाहीतर बायकोला इथल्या हॉस्पिटलात किंवा गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागलीये, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, डाउनटाउनमधल्या नवीन टॉवरचे फोटो मस्त आहेत, कॅम्पस चालत पाच मिनिटं, घेऊन टाकू का? बरीच वर्षं इथे राहून, भाड्याच्या आणि स्वतःच्या अशा दोन्ही घरांत राहून झालंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सगळ्यांना पहिल्यांदा हेच सांगते की त्या इमारतीचे फोटो बाजूला ठेवा आणि तिच्या शेजारी, समोर, मागे काय आहे ते बघा. एकमजली दुकान असेल, उघडं पार्किंग असेल, पत्रे ठोकलेलं रिकामं घर असेल तर तुमच्या लीजच्या (भाडेकराराच्या) वर्षात तिथे क्रेन उभी राहू शकते, आणि क्रेन आली की सकाळी सकाळी ट्रक मागे घेतानाची ती पीं पीं, फुटपाथ बंद, बसचा थांबा हललेला, खिडकीत धूळ, हे सगळं वर्ष-दीड वर्ष.

हे गाव असं सारखं का खणतात ते आधी समजून घ्या म्हणजे कुठे खणणार याचा अंदाज तुमचा तुम्हालाच येईल. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन १८३७ मध्ये डेट्रॉइटहून इथे आली, आता अ‍ॅन आर्बर कॅम्पसवर ५० हजाराच्या वर विद्यार्थी आहेत आणि २०२०च्या जनगणनेत अख्ख्या शहराची लोकसंख्या होती १,२३,८५१. विद्यार्थी वाढत गेले, घरं त्या मानाने वाढली नाहीत. त्यात मिशिगन राज्यात भाड्यावर मर्यादा घालायला शहरांना १९८८ पासून कायद्यानेच बंदी आहे, म्हणजे भाडं फार झालं म्हणून शहराने वरची रेघ मारावी हा मार्गच बंद. राहता राहिलं काय तर जास्त घरं बांधणं. आणि युनिव्हर्सिटी स्वतःच्या जमिनीवर प्रॉपर्टी टॅक्स भरत नाही, शहराचं झोनिंगही (कुठे काय आणि किती उंच बांधायचं याचे नियम) तिला लागू नाही, त्यामुळे तिने एखादी जागा घेतली की ती शहराच्या कराच्या वहीतून गेलीच.

२००९ मध्ये शहराने डाउनटाउनचं झोनिंग नव्याने केलं. मधल्या गाभ्याला डी-वन म्हणतात, तिथे बहुतेक ठिकाणी १८० फुटांपर्यंत उंची धरली होती, आणि कडेचा पट्टा डी-टू, तिथे ६० फूट, म्हणजे गाभा आणि राहती वस्ती यांच्या मधली पायरी. त्यानंतर जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. साउथ यू म्हणजे साउथ युनिव्हर्सिटी अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर व्हिलेज कॉर्नर नावाचं जुनं दुकान होतं, ते पाडून १४ मजली इमारत आली २०१२ मध्ये. ईस्ट ह्युरॉन स्ट्रीटवरच्या एका १४ मजली इमारतीवरून २०१३ मध्ये सिटी कौन्सिलमध्ये एवढं रणकंदन झालं की शेवटी ६ विरुद्ध ५ मतांनी मंजुरी मिळाली. नियम पुढे बदलत राहिलेत आणि बदलत राहणार, म्हणून कुणा सिनियरने दोन वर्षांपूर्वी काय सांगितलं त्यावर जाऊ नका, शहराच्या वेबसाइटवर झोनिंगचा नकाशा आहे आणि मंजुरीसाठी आलेल्या प्रोजेक्टची माहितीही मिळते, तुमचा पत्ता टाकून आजूबाजूचे चार-पाच प्लॉट बघायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास घालवाच.

सगळीकडे खणाखणी होत नाही हेही खरं. मेन स्ट्रीट, लिबर्टी, स्टेट स्ट्रीटचा बराच भाग हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये आहे, तिथल्या जुन्या विटांच्या दोन-तीन मजली इमारती सहजासहजी पाडता येत नाहीत, म्हणून १९२८चं मिशिगन थिएटर आणि निकल्स आर्केड अजून तसंच आहे (पावसात त्या आर्केडमधून चालत जा एकदा, बरं वाटतं). डाउनटाउनच्या पश्चिमेला ओल्ड वेस्ट साइड, जुन्या जर्मन लोकांची लाकडी घरं, तेही संरक्षित. शांतता हवी आणि डाउनटाउन चालत हवं असेल तर माझं मत तिकडे. फक्त तिथे आणि फर्स्ट स्ट्रीटच्या बाजूला बेसमेंटमधलं घर घेताना विचारा, कारण ॲलन क्रीक नावाचा ओढा तिथून जमिनीखालच्या पाइपातून वाहतो, वरून दिसत नाही पण त्याचा पूरपट्टा आहेच, जोराच्या पावसात पाणी कुठे येतं ते मालकाला सरळ विचारायचं. शिवाय रेल्वेचे रूळ तिकडूनच जातात.

नवीन टॉवर वाईट असतात असं मी म्हणत नाहीये. लिफ्ट असते, हिटिंग नीट असतं, वॉशर-ड्रायर घरात असतो, आणि लीज बहुतेक वेळा बेडप्रमाणे असते म्हणजे रूममेट मध्येच सोडून गेला तर त्याचं भाडं तुमच्या डोक्यावर येत नाही. जुन्या घरांत चौघांची मिळून एकच लीज असते आणि एकाने पैसे थकवले तर मालक बाकीच्यांकडून घेऊ शकतो, हे आपल्याकडून येणाऱ्या मुलांना माहीत नसतं आणि मग सेमिस्टरच्या मध्यात मैत्री तुटेपर्यंत भांडणं होतात. पण टॉवरमध्ये प्रत्येक बेडरूमला खिडकी आहे का हे विचारा, हसू नका, खरंच विचारा. युनिव्हर्सिटीचंच मंगर ग्रॅज्युएट रेसिडेन्सेस २०१५ मध्ये उघडलं, ६००च्या वर विद्यार्थी राहतात, आणि त्यातल्या बहुतेक खोल्यांना खिडकीच नाही, सामाईक हॉलला आहेत. काहींना चालतं, पण इथे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास अंधार होतो आणि आपल्याकडच्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला बिनखिडकीची खोली फार जड जाते, हे मी अनेक मुलांचं बघितलंय. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

अजून बांधून व्हायच्या इमारतीत घर घेताना लीजमधलं बांधकाम लांबल्यावर काय होणार ते कलम शब्दन् शब्द वाचा. ऑगस्टमध्ये इमारत तयार नसली तर हॉटेल देणार का, भाडं माफ होणार का, लीज मोडता येईल का? कॉलेजच्या गावांत हे होत असतं. तुम्ही मिशिगनचे विद्यार्थी असाल तर स्टुडंट लीगल सर्व्हिसेस आहे, तुमच्या फीमधूनच तिचा खर्च निघतो, सही करायच्या आधी लीज त्यांना दाखवा, वेगळे पैसे पडत नाहीत.

आता तारखा, कारण इथे सगळं तारखांवर चालतं. बहुतेक लीज ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात आणि पुढच्या ऑगस्टच्या मध्याला संपतात, मधले थोडे दिवस मालक घर साफ करतो आणि तुम्ही सामानासकट रस्त्यावर, भाडं मात्र १२ समान हप्त्यांत पूर्ण. त्या दिवसांसाठी कुणाचा तरी हॉल आधीच बोलून ठेवा. पूर्वी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच पुढच्या वर्षीची लीज करायची घाई असायची, मुलं घाबरून सह्या करायची, म्हणून शहराने २०२१ मध्ये नियम कडक केला की चालू लीज संपायला १५० दिवस राहीपर्यंत मालकाने ते घर दुसऱ्याला दाखवायचं किंवा द्यायचं नाही. मग काही ठिकाणी वेटलिस्टच्या नावाखाली पैसे घ्यायला सुरुवात झाली, तेही शहराने २०२४ मध्ये बंद केलं. म्हणून ऑक्टोबरमध्ये कुणी "आत्ताच पैसे भरा नाहीतर जागा जाईल" म्हणालं तर दम धरा, आधी नियम बघा. नव्याकोऱ्या इमारतीत जुना भाडेकरू नसतो, तिथे हे दिवस मोजायचा प्रश्न येत नाही, घाई तिथेच जास्त केली जाते.

डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, हा राज्याचा कायदा. राहायला आल्यावर मालकाने चेकलिस्ट द्यायलाच हवी, ती ७ दिवसांत भरून द्या, भिंतीवरचा ओरखडासुद्धा लिहा, फोटो काढा. घर सोडताना ४ दिवसांच्या आत नवीन पत्ता लेखी कळवा, हे विसरलं की डिपॉझिटचा घोळ होतो, आणि ३० दिवसांत मालकाने पैसे किंवा कापलेल्या पैशांची यादी पाठवायला हवी. यादी आली आणि पटली नाही तर ७ दिवसांत उत्तर टाका, गप्प बसू नका.

गाडीचं म्हणाल तर २०२२ मध्ये शहराने नवीन इमारतींना पार्किंगची सक्ती काढून टाकली, म्हणजे इमारत आहे म्हणून पार्किंग असेलच असं नाही, आणि असलं तरी वेगळे पैसे. एकट्याने शिकायला आला असाल तर पहिल्या वर्षी गाडी नको. युनिव्हर्सिटीच्या निळ्या बस फुकट आहेत आणि एमकार्डवर (युनिव्हर्सिटीच्या ओळखपत्रावर) शहराची द-राइडची बससुद्धा.

आई-बाबा सहा महिने येणार असतील तर मात्र हिशोब बदलतो. तुम्ही दिवसभर लॅबमध्ये नाहीतर ऑफिसात, घरात तेच असतात, त्यामुळे शेजारचं बांधकाम तुम्हाला नाही, त्यांना सोसावं लागतं, आणि खणायचं कामही उन्हाळ्यातच जोरात, म्हणजे नेमकं ते येतात तेव्हा. तरीही मी त्यांच्यासाठी डाउनटाउनच म्हणेन, फक्त बांधकामापासून दोन ब्लॉक लांब, कारण लांबच्या कॉम्प्लेक्समध्ये गाडीशिवाय ते अक्षरशः कोंडले जातात. इथे केरीटाउनचा शेतकरी बाजार आहे, बुधवारी आणि शनिवारी, चालत जाता येतं, बाकं आहेत, माणसं दिसतात. फिफ्थ अव्हेन्यूवरची लायब्ररी तर आई-बाबांसाठी वरदानच. तिच्या शेजारच्या जागेवरून मोठा वाद झाला होता, खाली पार्किंग आणि वर मोकळी जागा, तिथे १७ मजली इमारत यायची होती पण २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून ती जागा सार्वजनिक ठेवायला लावली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा मतदान होऊन तो निर्णय फिरवला, आता तिथे नवीन लायब्ररी आणि सोबत घरं असा बेत आहे. तेव्हा त्या ब्लॉकच्या आजूबाजूला घर बघत असाल तर हे डोक्यात ठेवा. तसंच हिल स्ट्रीटजवळ एल्बेल फील्डला युनिव्हर्सिटीने २३०० मुलांच्या वसतिगृहांचं काम काढलं, तिकडची वर्दळ वाढणारच.

आपल्यातले बरेच जण म्हणतात की आपण काय पाहुणे, व्हिसावर आलोय, आपल्याला या वादात काय करायचंय. मला हे पटत नाही. मत देता येत नाही हे खरं, पण भाडं आपणच भरतो आणि बोलायला नागरिकत्व लागत नाही. जवळ मोठा प्रोजेक्ट येणार असेल तर आसपासच्या पत्त्यांवर पोस्टकार्ड येतं, ते जाहिरात समजून फेकू नका, त्यावर मीटिंगची तारीख असते. कौन्सिलची बैठक साधारणपणे महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी ७ वाजता, ईस्ट ह्युरॉनवरच्या सिटी हॉलमध्ये, बोलायला ३ मिनिटं मिळतात. तिथे जास्त करून स्वतःची घरं असलेली, वयाने मोठी मंडळी बोलतात, सावली पडेल, गर्दी होईल, गावाचा चेहरा बदलेल, आणि त्यांचंही दुःख खोटं नाही. पण दरवर्षी ऑगस्टमध्ये घर शोधणारा माणूस तिथे बोलताना फार कमी दिसतो. म्हणून जा. फुटपाथ दोन्ही बाजूंनी एकदम बंद करू नका, बसथांबा हलवलात तर पाटी लावा, स्वस्त घरं किती ठेवणार ते सांगा, एवढं साधं बोललात तरी ते नोंदलं जातं. नाव आधी फोन करून द्यावं लागतं, त्याच दिवशी सकाळी, आणि जागा लवकर भरतात म्हणून आठ वाजताच फोन लावा.