फॉरमॅट मारायच्या आधी एवढं बघा

जुना सीपीयू रिक्षात घालून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला की बऱ्याच वेळा एकच निदान ऐकायला मिळतं: "काका, फॉरमॅटच मारायला लागतंय." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. कधी ते खरंही असतं. पण नेट चालत नाही किंवा अँटिव्हायरस सारखा लाल खूण दाखवतोय, एवढ्यासाठी फॉरमॅट म्हणजे जरा अतीच. बिघाड लाईनमध्ये आहे, कॉम्प्युटरमध्ये आहे की अँटिव्हायरसमध्ये, हे आधी ठरवायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुरू झालं, तर नक्की कशानं झालं ते कळत नाही.

पायरी १: लाईन

फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा असतो. तो लाल पेटला असेल किंवा लुकलुकत असेल तर कॉम्प्युटरला हातही लावू नका, केबलवाल्याला फोन करा. दिवा ठीक असेल तर मोबाईलचा डेटा बंद करून तो घरच्या वाय-फायला जोडा. डेटा बंद करायचं बरेच जण विसरतात; मग मोबाईल सिमवर चालतो आणि आपल्याला वाटतं लाईन चांगली आहे. मोबाईलवरही नेट नसेल तर राउटरचा प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा.

मोबाईलवर नेट आहे आणि कॉम्प्युटरवर नाही? वायर वापरत असाल तर लॅन पोर्टजवळचा (नेटची वायर खुपसतो त्या खाचेजवळचा) बारीक दिवा लागतोय का बघा. नसेल तर दुसरी वायर लावून बघा. तरीही अंधार असेल तर पोर्ट गेला असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा हे हमखास होतं. विजेचा झटका तारेतून येतो आणि पोर्ट मारून जातो. त्यासाठी नवा कॉम्प्युटर लागत नाही, यूएसबीला लावायचा वाय-फाय डोंगल काही शे रुपयांत मिळतो. आणि ढग गडगडायला लागले की राउटरचा प्लग आणि लॅनची वायर दोन्ही काढून ठेवायची सवय लावा.

नवा राउटर बसवल्यावर जुन्या कॉम्प्युटरला वाय-फायचं नावच दिसत नसेल तर राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल. जुन्या मशीनला बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झच कळतं. केबलवाल्याला तेही चालू ठेवायला सांगा.

पायरी २: तारीख

कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये मला सगळ्यात आधी संशय येतो तो याच्यावर, आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत.

मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. कॉम्प्युटर बंद असताना तारीख-वेळ तोच सांभाळतो. काही वर्षांनी तो संपतो. मग लाईट गेली किंवा मेन स्विच बंद केला की कॉम्प्युटर दहा-पंधरा वर्षं मागे जातो. सुरक्षित वेबसाईटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालतं. तुमच्या कॉम्प्युटरच्या लेखी ती तारीख अजून आलेलीच नसते, म्हणून ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडून बसतो. अँटिव्हायरसचंही तेच. त्याचं लायसन्स आणि अपडेट तारखेवरच चालतं, त्यामुळे पैसे भरलेले असूनही तो लाल दिसतो. एका सेलपायी नेट आणि अँटिव्हायरस दोन्ही आजारी.

तारीख, वेळ आणि टाइम झोन (यूटीसी +५:३०) दुरुस्त करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, अँटिव्हायरस अपडेट करून बघा. दुसऱ्या दिवशी तारीख परत बिघडली तर सेल बदला. प्लग पूर्ण काढा, झाकण उघडा, सेल कुठल्या बाजूनं बसवलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि मगच तो काढा. घड्याळवाल्याकडेही हा सेल मिळतो. बदलल्यावर पहिल्यांदा काळ्या पडद्यावर एखादी सूचना आली तर घाबरू नका, बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन तारीख टाका.

पायरी ३: विंडोजची सेटिंग

कंट्रोल पॅनेलमध्ये इंटरनेट ऑप्शन्स, तिथं कनेक्शन्स, तिथं लॅन सेटिंग्ज. प्रॉक्सीच्या (नेट मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमार्फत वळवायच्या) चौकोनात बरोबरची खूण असेल आणि ती तुम्ही केलेली नसेल, तर काढा. फुकटचं काहीतरी डाउनलोड करताना आलेला आगंतुक प्रोग्रॅम ही खूण करून जातो. विंडोज १० असेल तर सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या पानावर खाली 'नेटवर्क रीसेट' आहे. तो शेवटचा उपाय, कारण त्यानंतर वाय-फायचा पासवर्ड परत टाकावा लागतो. पासवर्ड आधी शोधून ठेवा.

पायरी ४: अँटिव्हायरस

एका कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस ठेवू नका. दोघंही प्रत्येक फाईल तपासायला धावतात, एकमेकांवर संशय घेतात, आणि जुनी हार्ड डिस्क मेटाकुटीला येते. बऱ्याच घरांत एक विकत घेतलेला असतो आणि दुसरा ट्रायलचा, मुदत संपून तसाच पडलेला. नको असलेला कंट्रोल पॅनेलमधून काढा, रीस्टार्ट करा. काढूनही अवशेष राहिले तर त्याच कंपनीचं 'रिमूव्हल टूल' तिच्या अधिकृत साईटवरून घ्या. विंडोज १० मध्ये डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस आतच असतो. दुसरा काढला की तो बहुधा आपोआप जागा होतो. घरगुती वापराला माझ्या मते तेवढा पुरतो.

अँटिव्हायरसच नेट अडवतोय असं वाटत असेल तर त्याचं फक्त वेब संरक्षण पाच मिनिटं बंद करा, एखादी ओळखीची साईट उघडून बघा आणि लगेच चालू करा. त्या वेळात बँकेचं काही करायचं नाही. फरक पडला तर तो अँटिव्हायरस काढून नव्यानं टाका.

क्रॅक केलेला अँटिव्हायरस कुणी पेन ड्राइव्हवर आणून दिला तर नको म्हणा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

कॉम्प्युटर नुसता मंद असेल तर टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅम दाखवणारी खिडकी; कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा) डिस्क १०० टक्के दिसते का बघा. अँटिव्हायरसचं स्कॅन चालू असेल तर त्याची वेळ बदलून दुपारच्या झोपेची ठेवा.

पायरी ५: विंडोजचं वय

विंडोज ७ चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षा अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यावर क्रोम ब्राउझर १०९ व्या आवृत्तीच्या पुढं जात नाही, म्हणून काही साईट अर्धवट उघडतात. हा बिघाड नाही, वय आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केलेल्या घरगुती कॉम्प्युटरला वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. नुसतं नेट बघायला आणि पत्रं टाईप करायला मशीन हवं असेल तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून बघायला हरकत नाही. पण त्याआधी फोटो, सातबाराच्या पीडीएफ, मुलांचे दाखले दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर टाकणं म्हणजे बॅकअप नव्हे. बहुतेक वेळा डिस्क एकच असते.

एक प्रकार मात्र यातल्या कुठल्याच पायरीत बसत नाही. स्क्रीनभर लाल पाटी, भोंगा वाजतोय, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा'. खरा अँटिव्हायरस असा फोन करायला सांगत नाही. ब्राउझर बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून बंद करा. फोन केला असेल आणि पलीकडच्यानं स्क्रीन बघायचं ॲप टाकायला लावलं असेल तर आधी नेट तोडा, मग ते ॲप काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा आणि बँकेला कळवा.