अँप्लिफायर की रिसीव्हर? तुलना करताना या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोडवर एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही तिघांनी अख्खा रविवार घालवला. टेबलावर एक स्टिरिओ अँप्लिफायर, म्हणजे गाण्यासाठी दोन स्पीकर चालवणारं यंत्र; शेजारी जवळपास त्याच किमतीचा एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमासाठी पाच-सात स्पीकर चालवणारा. अर्ध्या तासात एकमताने निकाल लागला : रिसीव्हरचा आवाज ‘भरलेला’. मग एकाने व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर काढला. रिसीव्हर जरा मोठ्याने वाजत होता, बस्स.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एखाद्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. त्यात आपण नाशिक ढोलावर वाढलेले. आवाज घुमला की मन विरघळलंच. दोन्हींवर व्हॉल्यूमचा आकडा ३० ठेवूनही भागत नाही, कारण एकाचे ३० म्हणजे दुसऱ्याचे ३० नव्हेत. २०० हर्ट्झचा सलग टोन लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. एकावर २ व्होल्ट आले, तर दुसऱ्यावर १.९५ ते २.०५ च्या आत आणा. फक्त मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकू देऊ नका.

रिसीव्हरमध्ये आणखी एक मेख असते. खोलीप्रमाणे आवाज आपोआप बदलणारं रूम करेक्शन, टोन कंट्रोल, स्पीकर ‘स्मॉल’ ठरवून सबवूफरकडे वळवलेला बेस, हे सगळं चालू असेल तर आपण तुलना सेटिंगची करतो, यंत्राची नाही. आधी ‘डायरेक्ट’ मोडवर जा.

वॅटच्या आकड्यांनी भुलू नका. ५० वॅटऐवजी १०० घेतले तर वाढ फक्त ३ डेसिबलची. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (ठरावीक वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा) स्पीकरऐवजी ८९ चा घेतला, की निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज. शिवाय ‘१०० वॅट’च्या खालचं बारीक अक्षर वाचा. ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) असं लिहिलं असेल, तर ८ ओहमवर दोन्ही चॅनेल चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत मोजलेले ६० वॅट जास्त भरवशाचे. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल वॅटचा फुगवलेला आकडा तर वाचूच नका.

आवाज पातळ, बेस गायब? यंत्राला नावं ठेवण्याआधी मागे वाकून पाहा. बऱ्याचदा एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी असते. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) अगदी बारीक आवाजात आणि किरटं वाजत असेल, तर ते त्याच्यासाठीच्या फोनो इनपुटऐवजी साध्या इनपुटला लावलंय. घुमघुम येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून ऐका. गेली, तर दोष ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन वाटांनी जोडल्या गेलेल्या अर्थिंगचा. मात्र प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा शहाणपणा करू नका. जोरात वाजवताना यंत्र बंद पडत असेल, तर शोकेसची काच उघडा. एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठणाऱ्या गावात त्याला वरून हवा लागतेच. तरीही बंद पडलं, तर टर्मिनलमधून वायरचा एखादा धागा बाहेर आलाय का आणि स्पीकर ४ ओहमचे तर नाहीत ना, ते बघा.

एचडीएमआय आणि पाच-सात चॅनेल हवेच असतील तर रिसीव्हर घ्यावा. नुसतं गाणं ऐकायचं असेल, तर न वापरायच्या चॅनेलचे पैसे का भरा?

त्या रविवारी व्होल्टेज जुळवून पुन्हा ऐकलं. डोळे मिटून मी दोनदा अँप्लिफायरलाच रिसीव्हर म्हणालो. मित्राने अँप्लिफायर ठेवला, रिसीव्हर परत केला आणि त्या पैशांत स्पीकर बदलले. तो फरक मात्र स्वयंपाकघरातल्या वहिनींनाही कळला.