देवघेवीच्या टेबलावरच्या या चुका टाळा

नवी मुलं बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन वाचनालयात येतात, रंगनाथनांची १९३१ सालची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं घडाघडा म्हणून दाखवतात आणि पहिल्याच आठवड्यात देवघेवीचं, म्हणजे कुणी कुठलं पुस्तक नेलं त्याचं, रजिस्टर समोरच्याकडे फिरवतात. "बघा ना, यातच असेल." माझं डोकं इथेच फिरतं.

आमच्या वाचनालयात तेव्हा संगणक नव्हता. एके दुपारी एक बाई आल्या. "वहिनीनं नेलेलं पुस्तक परत करायचंय, कुठलं ते सांगता का?" नव्या साहाय्यकानं पान काढलं आणि खणखणीत आवाजात नाव वाचलं. घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक होतं. मी कपाटामागून धावत येईपर्यंत नणंदबाई पायऱ्या उतरल्या होत्या. पुस्तक चार दिवसांनी एका शाळकरी पोराच्या हाती परत आलं. वहिनी पुन्हा फिरकल्या नाहीत, अनामत न्यायलासुद्धा. साहाय्यक म्हणाला, "सर, मी तर मदतच केली."

तेव्हापासून माझं रजिस्टर कायम मिटलेलं, वर जेवणाचा डबा. विचारणारा नवरा असो, बाप असो, नाहीतर कार्यकारिणीचे अध्यक्ष, उत्तर एकच, "ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच विचारा." पोलीस आले तर लेखी पत्र मागायचं आणि ते ग्रंथपालाकडे द्यायचं. पुस्तकातल्या कार्डावर नाव नाही, सभासद क्रमांक. मुदत टळल्याचा फोन घरच्या कुणी उचलला तर "एक पुस्तक यायचंय" एवढंच. थकबाकीदारांच्या नावापुढे पुस्तकाचं नाव फळ्यावर लिहिणारे महाभागही मी पाहिलेत. संगणकानं हे आपोआप सुटत नाही. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये परत आलेल्या पुस्तकाच्या नोंदीतून वाचकाचं नाव काढायची सोय आहे, पण ती सेटिंग उघडून बघायला कुणाला वेळ आहे! खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१७चा आहे.

दुसरी चूक सरकारी तपासणीच्या आदल्या रात्रीची. वाचनालयाच्या अ, ब, क, ड वर्गावर सरकारी अनुदान ठरतं, म्हणून दैनिक वाचकांची नोंदवही एका बैठकीत, एकाच पेनानं भरायची. एका नोंदवहीत ३१ जूनला हजर असलेले वाचक मी स्वतः पाहिलेत. रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी दोन मिनिटं काढा. आठ वाचक आले तर आठच लिहा.

अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून देऊ नका. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात. परीक्षेच्या गाईडला ते लागू नाही.

पुस्तकविक्रेत्याची दिवाळीची मिठाई दारातूनच परत. खरेदीची यादी वाचकांच्या मागणीवहीतून करा, त्याच्या कॅटलॉगवरून नको.

"हे असलं वाचता?" हे तोंडावर आणू नका, भुवईसुद्धा उचलू नका.

आणि निर्लेखनात, म्हणजे संग्रहातून बाद करताना, काढलेलं जुनं पुस्तक स्वतःच्या पिशवीत टाकू नका. आवडलं असेल तर कार्यकारिणीचा ठराव होऊ द्या, विक्रीच्या दिवशी रांगेत उभे राहा, पावती फाडा.