'वॉल ऑफ वॉटर' वापरताना या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील 'वॉल ऑफ वॉटर' (पाण्याची भिंत) हा तिसऱ्या पातळीचा स्पेल, म्हणजे जादू, ड्रुइड, सॉर्सरर आणि विझर्ड या जादू करणाऱ्या पात्रवर्गांच्या यादीत आहे. २०१७ मध्ये आलेल्या 'झनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग'मध्ये त्याचे वर्णन अगदी थोडक्यात आटोपले आहे. तरीही तेवढे वाचण्याचा धीर नसलेले खेळाडू केवळ नावावरून अंदाज बांधतात आणि भर लढाईत डीएमशी, म्हणजे खेळ चालवणाऱ्याशी, वाद घालत बसतात. ही भिंत एक फूट जाडीची आहे. ती कोणाला अडवत नाही, कोणाला इजा करत नाही आणि तिच्यामुळे 'कव्हर' (हल्ल्यापासून आडोसा) मिळते असेही कुठे लिहिलेले नाही. तिच्या जागेपुरता डिफिकल्ट टेरेनचा नियम लागतो, म्हणजे तेवढ्या अंतराला दुप्पट चाल खर्च होते. समोरचा ऑर्क कुऱ्हाड घेऊन पाण्यातून सरळ चालत आला, तर त्यात डीएमची लबाडी नसते.

हल्ल्यांबाबतचा गैरसमज तर फारच चिवट आहे. भिंतीच्या जागेत शिरणाऱ्या रेंज्ड वेपन अटॅकला (लांबून शस्त्राने केलेल्या हल्ल्याला) डिसअ‍ॅडव्हांटेज असतो. म्हणजे दोन फासे टाकून त्यांतला लहान आकडा धरायचा. अशा हल्ल्यांत बाण, गोफणीचा दगड, फेकलेला भाला हे सारे आले. एल्ड्रिच ब्लास्ट या जादूचा हल्ला मात्र स्पेल अटॅक असल्यामुळे तो लांबून मारलेला असूनही भिंतीला जुमानत नाही. फायर बोल्ट या आगीच्या जादूचा रोलही (फाशाची फेकही) नेहमीसारखाच करायचा, फक्त तो लागला तर आगीचे नुकसान निम्मे होते. शिवाय ही भिंत आपला आणि परका असा भेद करत नाही. आपल्या गटात धनुष्य चालवणारा रेंजर असताना त्याच्याच तोंडासमोर आडवी भिंत उभी करणारे ड्रुइड मी इतके पाहिले आहेत, की आता नकाशावर निळ्या स्केचपेनने भिंत आखण्यापूर्वी मी रेंजरकडे एकदा बघतो आणि त्याची हरकत येते का याची वाट पाहतो.

खरी भांडणे होतात ती फायरबॉल या आगीचा स्फोट करणाऱ्या जादूवरून. आमच्या टेबलावर एकदा एका अरुंद खिंडीत ड्रुइडने तीस फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत उभी केली आणि सगळा गट तिच्या मागे दाटीवाटीने उभा राहिला. शत्रूच्या जादूगाराने फायरबॉलचा केंद्रबिंदू भिंतीच्या अलीकडे, थेट गटाच्या मधोमध निवडला. खेळाडूंचे म्हणणे असे, की जादू भिंतीतून आली, म्हणून नुकसान निम्मे झाले पाहिजे. माझा निर्णय असा, की जादूगाराच्या बोटापासून निघते ती केवळ एक तेजस्वी रेघ. आगीचा भडका निवडलेल्या बिंदूपासून सुरू होतो आणि त्या बिंदूपासून बळीपर्यंतच्या वाटेत पाणी नव्हते. त्यावर कोणी पदार्थविज्ञान काढले, कोणी दुसऱ्या टेबलावरचा दाखला दिला, आणि मूळ वाक्य उघडून वाचायला मात्र कोणी तयार नव्हते. हे वाक्य सांगते, की आगीचा परिणाम लक्ष्यापर्यंत पोहोचताना भिंतीतून गेला तरच नुकसान निम्मे होते. त्या दिवसापासून मी स्फोटाच्या बिंदूवर पेन्सिलीचे टोक ठेवतो, दुसरे टोक पात्राकडे वळवतो आणि मध्ये निळी रेघ येते का ते सगळ्यांसमोर पाहतो.

भडका भिंतीपलीकडे झाला तर हिशेबही नीट करावा. समजा, फायरबॉलच्या आठ फाशांवर तीस आले आणि पात्राचा डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने बचावण्याचा फासा) यशस्वी झाला. नुकसान निम्मे, म्हणजे पंधरा होईल आणि भिंतीमुळे ते सातवर येईल, कारण या खेळात अपूर्णांक खालीच उतरवतात. भिंत ही 'रेझिस्टन्स' (नुकसान निम्मे करणारा पात्राच्या अंगचा प्रतिकार) देत नाही, ती स्वतंत्र सवलत आहे. त्यामुळे पात्राला आगीचा रेझिस्टन्स असेल तर तो सर्वांत शेवटी लावून आकडा तीनवर नेता येतो. घाईत खेळणारे यांपैकी एखादी पायरी हमखास गाळतात आणि मग आपल्याच पात्राच्या मरणावर हळहळतात.

दुसरी खोड थंडीची. गटातला विझर्ड भिंतीतून रे ऑफ फ्रॉस्ट ही थंडीची जादू मारतो आणि पाच फुटांचा एक चौकोन गोठून घट्ट होतो. पुढच्या खेपेला तिथून पलीकडे जाता येत नाही, कारण आता तो बर्फ आहे. त्याचा एसी (फटका लागण्यासाठी गाठायचा आकडा) पाच आणि हिट पॉइंट (सोसता येणारे नुकसान) पंधरा. तो फुटला की तिथे पाणी परत भरत नाही, कायमचे भगदाड राहते. पूर्ण आकाराच्या सरळ भिंतीत असे बाराच चौकोन असतात, हे लक्षात घेतले तर कोन ऑफ कोल्ड या मोठ्या जागेवर पसरणाऱ्या थंडीच्या जादूचा मोह आवरता येतो. उलट, दाराच्या तोंडावर मुद्दाम एक चौकोन गोठवून वाट बंद करणारा खेळाडू मला मनापासून आवडतो. गोठलेल्या चौकोनावर मी दुहेरी रेघ ओढतो आणि शेजारी पंधरा लिहून ठेवतो. तोंडी लक्षात ठेवण्याच्या भानगडीत पडत नाही.

गोल भिंतीचा वीस फूट हा व्यास आहे, त्रिज्या नव्हे. तिला छत नसते, त्यामुळे उडणारा शत्रू वरून येतो. वीज पाण्यातून गेली म्हणून नुकसान दुप्पट होत नाही; तसे कुठेही लिहिलेले नाही. जळत्या गोष्टी विझवण्याचे काम टायडल वेव्ह या दुसऱ्या जादूचे आहे, हिचे नाही.

कॉन्सन्ट्रेशन (जादू टिकवून ठेवणारी एकाग्रता) मोडले की भिंत तत्काळ नाहीशी होते, गोठलेल्या भागासकट. मार बसल्यावर दहा किंवा झालेल्या नुकसानाचा निम्मा आकडा, यांपैकी जो मोठा असेल तेवढा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (दणकटपणाचा फासा) करावा लागतो. ड्रुइडने त्यामुळे भिंतीला खेटून उभे राहण्याची हौस करू नये. आणि पाचव्या पातळीचा स्लॉट (जादू करण्याची मोजकी संधी) घालून भिंत मोठी होईल असे समजणाऱ्यांसाठी: या स्पेलला वरच्या पातळीचा कोणताही लाभ दिलेला नाही. तो स्लॉट दुसऱ्या कामासाठी जपून ठेवावा.