हार्मोनिक बॅलन्सर घरी बदलण्यापूर्वीची तयारी

स्पोर्ट्‌स कारच्या क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकावर बसलेला, त्याची थरथर जिरवणारा हार्मोनिक बॅलन्सर घरच्या घरी बदलता येतो, परंतु त्याचा मधला बोल्ट सैल करण्याआधीच या कामाचा मोठा भाग उरकलेला असावा लागतो. बोल्ट निघाल्यावर एखादे अवजार किंवा तेल अडवणारे सील नाही असे लक्षात आले, तर गाडी आहे त्या जागी उभी राहते, कारण अशा गाडीचे सुटे भाग जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या दुकानांत सहसा मिळत नाहीत. ते मुंबई-पुण्याहून आणि पुष्कळदा परदेशातून मागवावे लागतात. माझ्याकडील आठ सिलिंडरांच्या दोन-दारी गाडीचे हे काम मी जळगावात घरी केले. त्या वेळी केलेली आणि करायची राहून गेलेली तयारी येथे क्रमाने मांडतो.

पहिली तयारी निदानाची आहे. आठ सिलिंडरांच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात चार स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला ६,००० फेरे असताना सेकंदाला ४००. प्रत्येक स्फोटागणिक शाफ्टला किंचित पीळ बसतो आणि तो उलटा सुटतो. बॅलन्सरमध्ये शाफ्टवर घट्ट बसलेला हब (मधला भाग), बाहेरचे जड कडे आणि या दोहोंना जोडणारा रबराचा थर असतो. पीळ सुटताना कडे मागे रेंगाळते आणि ती थरथर रबरात जिरते. उष्णता, तेल आणि वय यांमुळे रबर कडक होते, त्याला भेगा पडतात, ते कडेने बाहेर डोकावू लागते आणि अखेरीस कडे हबवरून सरकते. कडे पूर्ण निसटले तर ते त्याच्यावरून फिरणारा पट्टा, रेडिएटर आणि टायमिंग कव्हर यांपैकी जे वाटेत येईल ते कापते. मात्र पट्ट्याची चूंचूं ऐकून लगेच बॅलन्सर मागवू नये, कारण तोच आवाज आयडलर किंवा टेन्शनर या, पट्ट्याला वाट आणि ताण देणाऱ्या पुल्यांच्या झिजलेल्या बेअरिंगचाही असू शकतो. हब आणि कडे या दोहोंवरून जाणारी नेलपेंटची एक सरळ रेघ ओढावी, चार-पाच दिवस गाडी चालवावी आणि रेघ तुटली का ते पाहावे. इंजिन आयडलवर (गाडी उभी ठेवून मंद चालू) असताना समोरून मोबाइलवर मंदगती चित्रफीत घेतली, तर कड्याची डगमग स्पष्ट दिसते. ही चित्रफीत जपून ठेवावी, कारण काम झाल्यावर तुलनेसाठी ती लागणार आहे. रेघ तुटलेली दिसली किंवा डगमग डोळ्यांना जाणवली, तर त्यानंतर गाडी रस्त्यावर काढू नये.

मागवायच्या वस्तूंत अर्थातच बॅलन्सर प्रथम येतो, आणि तो चासिस क्रमांक देऊनच मागवावा. व्यास सारखा आहे, पट्ट्याच्या खाचा सारख्या आहेत, एवढ्यावरून बॅलन्सर ठरत नाही. कड्याचे वजन आणि रबराची ताठरता त्या विशिष्ट शाफ्टसाठी जुळवलेली असते. शिवाय काही इंजिनांत शाफ्टचा तोल सांभाळणारे वजनही बॅलन्सरवरच असते. फोर्डच्या जुन्या ३०२ घन इंची इंजिनासाठी आधी २८ औंस-इंचाचा (औंस-इंच हे अशा वजनाचे माप) आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५० औंस-इंचाचा बॅलन्सर वापरला गेला. दोन्ही त्याच शाफ्टवर चढतात, पण चुकीचा बसवल्यास चांगले इंजिन हादरू लागते. दिसायला सुंदर म्हणून विकल्या जाणाऱ्या, रबराचा थरच नसलेल्या हलक्या अॅल्युमिनियमच्या पुलीला मी बॅलन्सरचा पर्याय मानत नाही. बॅलन्सरबरोबर मधला बोल्ट, पुढचे ऑइल सील आणि पट्टा हेही नवे मागवावेत. अनेक इंजिनांत हा बोल्ट घट्ट करताना ताणला जाऊन बसतो, म्हणून तो एकदाच वापरायचा असतो. सील काही शे रुपयांच्या बचतीसाठी जुने ठेवू नये, कारण तिथवर पुन्हा पोहोचायला हीच सारी मेहनत करावी लागते. सीलचा ओठ, म्हणजे दांड्याला टेकणारी कड, रबराचा आहे की टेफ्लॉनचा, हे घेतानाच पाहून घ्यावे: रबराच्या ओठाला इंजिन ऑइलचा हात द्यावा लागतो, टेफ्लॉनचा सहसा कोरडाच बसवतात.

यानंतर आपल्या इंजिनाची रचना वर्कशॉप मॅन्युअलमधून नीट समजून घ्यावी. माझ्या मते यादीतील हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि नेमके तेच घाईत राहून जाते. काही इंजिनांत हब शाफ्टवर चावीने (खोबणीत बसणाऱ्या धातूच्या लहान तुकड्याने) बसतो, आणि चावीच्या खोबणीतून तेल झिरपू नये म्हणून तिथे सिलिकॉन सीलंटचा ठिपका लावावा लागतो. काहींत चावी नसतेच, केवळ घट्ट बैठक असते, शेवरोलेचे ५.७ लिटरचे एलएस१ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. काहींत बॅलन्सर हबला लहान बोल्टांनी जोडलेला असतो आणि मधल्या मोठ्या बोल्टाला हात लावण्याची गरजच पडत नाही. या तिसऱ्या प्रकारात कधी कधी टायमिंग चेनचा स्प्रॉकेटही (दातेरी चाक) चावीशिवाय, त्याच मोठ्या बोल्टाच्या दाबावर धरलेला असतो; तो बोल्ट कुतूहलाने जरी सैल केला, तरी व्हॉल्व्हचे टायमिंग हुकते आणि एका तासाचे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. मॅन्युअलचे ते पान छापून गॅरेजच्या भिंतीवर लावावे आणि त्यावरील घट्ट करण्याचे आकडे लाल शाईने अधोरेखित करावेत. एलएस१ साठी आधी जुन्या बोल्टाने ३३० न्यूटन-मीटरपर्यंत आवळून बॅलन्सर बैठकीला लावायचा, मग तो काढून नवा बोल्ट ५० न्यूटन-मीटरवर आणायचा आणि तिथून १४० अंश फिरवायचा, असा क्रम आहे. अशी रीत अंदाजाने सुचणारी नाही, आणि एका इंजिनाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. यावरून हेही कळते की बॅलन्सर निघाला तरी जुना बोल्ट टाकून द्यायचा नसतो.

काढण्यासाठी पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढणारे अवजार) लागतो, आणि खानदेशात पुलरची वाण नाही. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलपासून चोपड्यापर्यंत, विहिरीवरच्या मोटारी भरून देणाऱ्या रिवायंडिंगच्या दुकानांत तीन पायांचा पुलर हमखास असतो आणि ओळखीवर तो मिळतोही. मीही पहिल्या खेपेस तोच आणला. त्याचे पाय बाहेरच्या कड्याच्या मागे अडकवून मी आवळत गेलो, आणि हब जागचा हलण्याऐवजी उरलेसुरले रबर फाटून कडे हातात आले. तो बॅलन्सर टाकायचाच होता म्हणून निभावले, परंतु मागे राहिलेला हब काढायला पुढचा सबंध दिवस गेला. ओढ नेहमी हबवरच पडली पाहिजे. हबला आट्यांची भोके असतील तर बोल्टाने पकडणारा पुलर घ्यावा. ती नसतील आणि हबला आतून आरे असतील, तर आऱ्यांमागे जाणारे बारीक, लांब पाय असलेला पुलर शोधावा. पुलरचा स्क्रू शाफ्टच्या तोंडावरील आट्यांना भिडू नये म्हणून शाफ्टच्या भोकात सैल जाईल असा पोलादी दांडा लागतो. रॉकेल, चिमटे आणि हातोडा यांवर हे काम उरकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

बसवण्याचे अवजार वेगळे असते. त्यात शाफ्टच्या आट्यांत पूर्ण खोल जाणारा लांब स्टड, एक थ्रस्ट बेअरिंग (लांबीच्या दिशेचा दाब पेलणारे) आणि मोठा नट असतो. नट फिरवला की बॅलन्सर हळूहळू आत सरकतो. हे विकत मिळाले नाही, तर जळगाव एमआयडीसीतील लेथवाल्या दादांकडून करून घेता येते. मात्र त्यांना नवा बोल्ट नमुना म्हणून द्यावा, आट्यांचा पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) गेजने मोजून घ्यायला सांगावा, आणि स्टडसाठी साध्या एमएसची (माइल्ड स्टीलची) सळई न वापरता ईएन-२४ सारखे मजबूत पोलाद घ्यावे. मधल्या बोल्टानेच बॅलन्सर ओढून घेण्याचा मोह टाळावा, कारण सुरुवातीला त्याच्या मोजक्याच आट्या पकडतात आणि त्या गेल्या तर शाफ्टच्या आट्या बिघडतात. हातोड्याने ठोकल्यास धक्का शाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगला बसतो. बेअरिंग तेलात तापवून चढवण्याची रीत आपल्याकडील प्रत्येक मेकॅनिकला माहीत आहे, तथापि येथे मध्ये रबर असल्याने गॅसची ज्योत किंवा उकळते तेल बॅलन्सरजवळ आणू नये.

बोल्ट सुटताना शाफ्ट फिरू नये याची तजवीज आदल्या दिवशीच करावी. गिअर हाताने टाकायचे असतील, तर वरच्या गिअरमध्ये गाडी ठेवून मदतनिसाने ब्रेक घट्ट दाबून धरावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर फ्लायव्हीलचे दाते धरणारे लॉक आणावे. बोल्टाच्या मापाची जाड भिंतीची गोटी (सॉकेट), ती फिरवायला किमान पाऊण मीटरचा ब्रेकर बार (लांब दांडा), आवळण्याचा जोर ३५० न्यूटन-मीटरपर्यंत मोजणारा टॉर्क रेंच आणि अंश दाखवणारी चकती एवढे जवळ हवे. एवढ्या मोठ्या मापाचा रेंच घरी सहसा नसतो. ट्रक दुरुस्त करणाऱ्यांकडून तो एका दिवसासाठी मागून आणावा. वाऱ्यावर चालणारी इम्पॅक्ट गन सोडवायला चालेल, आवळायला कदापि नको.

जागा आणि दिवस यांचाही विचार करावा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नाही, म्हणून हे काम पौष-माघात, सकाळी सातला सुरू करण्यासारखे आहे. काळ्या मातीच्या अंगणात जॅक स्टँड खचतो आणि शहाबादी फरशी त्याच्या पायाखाली तडकते. सिमेंटचा कोबा नसेल, तर प्रत्येक स्टँडखाली दोन इंच जाड सागाची फळी ठेवावी, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नये. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे, कारण जागा करण्यासाठी पंखा आणि क्वचित रेडिएटरही काढावा लागतो. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. वीज जाईल हे गृहीत धरून चार्ज केलेला दिवा जवळ असावा. धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी शिंपडावे, आणि सील निघाल्यावर उघडे पडणारे तोंड झाकायला स्वच्छ सुती कापड हाताशी असावे; पॉलिश पेपरची भुकटी त्या तोंडात जाता कामा नये.

जुन्या सीलच्या ओठाने हबच्या दांड्यावर खाच पाडली आहे का, हे नखाने तपासावे. नव्या बॅलन्सरबरोबर हब नवा येत असेल तर हा प्रश्न उरत नाही, पण जुना हब पुन्हा वापरायचा असेल तर दुरुस्तीची पातळ बाही (खाचेवर चढवायची नळी) आधीच आणून ठेवलेली बरी. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो याचे छायाचित्र घ्यावे आणि त्याशिवाय हाताने आकृतीही काढावी.

शेवटची तयारी इंजिन सुरू करण्याची आहे. बॅटरी जोडण्यापूर्वी इंजिन गोटीने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून, फिरण्याच्या नेहमीच्याच दिशेने, कुठे अडते का ते पाहावे. नव्या बॅलन्सरवर नेलपेंटची नवी रेघ ओढावी. मदतनिसाने चावी फिरवताना आपण पुलीच्या सरळ रेषेत उभे न राहता फेंडरच्या बाजूला, मागे सरकून उभे राहावे. दहा मिनिटे आयडलवर चालू देऊन इंजिन बंद करावे, सीलखाली कोरडा कागद धरून तेलाचा डाग येतो का ते पाहावे आणि पहिली चित्रफीत घेतली होती त्याच जागेवरून दुसरी घ्यावी.